पावणेपाच फुटांची करम

मी साखळी ओढली. साखळी ताठ झाली, पण पलीकडून कोणी ओढलं नाही.

मी पोटावर पडले होते. तोंड मातीत, डोक्यावर मोहरीची पिवळी फुलं, मुठीत मोजणीच्या साखळीची पितळी मूठ. गोळ्या वरून जात होत्या. गोळी जवळून गेली की शिट्टी वाजते असं लोक सांगतात. मला शिट्टी ऐकू आली नाही. कोणी जाड मांजरपाट एका झटक्यात फाडावा तसा आवाज यायचा आणि मोहरीचे शेंडे तुटून पाठीवर पडायचे. मधमाश्या मात्र फुलांवर होत्या तशाच होत्या. त्यांना त्याचं काही नव्हतं.

साखळीच्या दुसऱ्या टोकाला माझा भाऊ होता. अण्णा. आमच्यात ठरलेलं होतं, एकदा ओढलं की ‘ठीक आहे का’, दोनदा ओढलं की ‘ठीक आहे’. वारा असला, पीक उंच असलं, हाक पोचत नसली की आम्ही असंच बोलायचो. मी पुन्हा ओढलं. साखळी पुन्हा ताठ झाली आणि तशीच राहिली, खुंटीला बांधल्यासारखी. माणूस पडला आणि मूठ त्याच्या हातात अडकून राहिली तर साखळी अशीच ताठ लागेल, हे माझ्या डोक्यात आलं. आलं ते गेलं नाही.

त्या वेळी मला रडू आलं का, असं माझ्या मुली विचारतात. नाही आलं. हातापायांत इतकं बळ आलं होतं की पळत डोंगर चढले असते. भीतीलाही एक जोर असतो. तो मला तेव्हा कळला.

आता मी त्या शेतात कशी पोचले ते सांगते.

मी सातारा जिल्ह्यातली. शाळा चौथीपर्यंत. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती आणि म्हैस आमच्या गावात होती, म्हणून मी म्हशीकडे राहिले. अण्णा माझ्याहून बराच मोठा. तो शिकला, मोजणीच्या खात्यात लागला, मग केंद्र सरकारच्या नोकरीत गेला आणि बदली होत होत चंदीगडला पोचला. पंजाबात तेव्हा अतिरेक्यांच्या आणि पोलिसांच्या मारामाऱ्या चालू होत्या. रोज रेडिओवर आकडा यायचा, अमक्या ठिकाणी इतके, तमक्या ठिकाणी इतके. अशा ठिकाणी कोणी बहिणीला बोलावतं का? पण वहिनीला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, पहिली पिंकी पाच वर्षांची, आणि डॉक्टरीणबाईंनी वहिनीला वजन उचलू नका म्हणून सांगितलेलं. आईचे गुडघे गेलेले. राहिले मी. माझं लग्न जमत नव्हतं, कारण मी उंच होते आणि उलट बोलायचे. तिकडे गेली तर निदान वळण लागेल, असं वडील म्हणाले. मला काय, मी कधी जिल्ह्याबाहेर गेले नव्हते. दोन रात्री रेल्वेत बसायला मिळणार म्हणून मी आधी आठवडाभर झोपले नाही.

चंदीगड मला फार आवडलं. लोक म्हणतात सगळे रस्ते सारखे, सगळी घरं सारखी, मन लागत नाही. माझं लागलं. सरळ रेघ ओढावी तसा रस्ता, दोन्हीकडे झाडं, आणि घराला नंबर. आमचं क्वार्टर सेक्टर तीसमध्ये, तळमजल्याला. मागं हातभर अंगण, त्यात वहिनीनं मेथी आणि कोथिंबीर लावलेली. सकाळी दूधवाला सायकलवरून यायचा तेव्हा त्याच्या बरण्या वाजायच्या, मग शेजारच्या घरातला गुरबाणीचा रेडिओ, मग कुठंतरी मोर ओरडायचा. मध्येच सायरन. सायरन वाजला की वहिनी खिडक्या लावायची आणि मी उघडून बघायचे. बसस्टँड त्या वेळी सेक्टर सतराला होता, तिथं प्रत्येकाची पिशवी उघडून बघायचे. आता लांबच्या बशी त्रेचाळीसहून सुटतात म्हणे. मी मध्यंतरी गेले तेव्हा सवयीनं सतरालाच उतरले आणि उभी राहिले.

त्या घरात भाकरीचं पीठ गावाहून यायचं. संपलं की वहिनी मक्याच्या पिठाची भाकरी थापायची. ती मोडायची, मग ती चिडायची. पिंकीला मात्र मक्याचीच आवडायची, वर लोण्याचा गोळा. “आत्या, और मक्खन दो ना,” म्हणायची. मराठी सगळं कळायचं, बोलायची हिंदीत. “मराठीत माग, मग देते,” मी म्हणायचे. “नहीं आता,” म्हणायची, आणि वाटी पुढं करायची.

त्या घराचा सगळा वाद मापावरून चालायचा. माझे वडील जमीन मोजायचे ते तेहतीस फुटी साखळीत, तिचे सोळा आणे, एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. अण्णा त्यातच वाढला. ऑफिसात त्याला मीटर. ऑफिसची साखळी वीस मीटरची. आणि पंजाबातल्या गावांचे नकाशे करमांमध्ये. करम हे तिकडचं जमिनीचं माप. मी विचारलं, करम म्हणजे किती? त्यावर अण्णा आणि करनैलसिंग दोघंही एकदम बोलायला लागले.

करनैलसिंग अण्णाच्या हाताखालचा साखळीवाला. पन्नाशीचा सरदार, दाढी पांढरी, गुरदासपूरकडचा. संध्याकाळी सामान ठेवायला घरी यायचा आणि चहासाठी थांबायचा. चहात साखर इतकी घ्यायचा की वहिनी तो गेल्यावर डबा हलवून बघायची.

“करम मतलब दो कदम, साहब जी. सीधी बात,” करनैलसिंग म्हणाला.

“पण किसके कदम?” मी विचारलं.

तो हसला. “ये बीबी ने पकड़ा! बादशाह के कदम, और किसके.”

अण्णा म्हणाला, “साडेपाच फूट. मी इथली गावं मोजलीत, साडेपाच फूट.”

“हमारे उधर पाँच फुट.”

“तुमच्याकडची माणसं बुटकी असतील,” वहिनी आतून म्हणाली. करनैलसिंगला मराठी येत नव्हतं, पण वहिनीचा सूर त्याला कळायचा. तो उठला आणि ओट्यावरून दोन पावलं टाकून दाखवली. सहा फुटी माणूस, त्याची दोन पावलं ओटा संपून मेथीत गेली. वहिनीनं लाटणं घेऊन दार गाठलं. ती मेथी पुढं चार दिवस आमच्या जेवणात बोलण्याचा विषय होती, भाजी नव्हती.

मला हे सगळं फार गमतीचं वाटायचं. जमीन तीच, आणि माणसांनी तिला किती काठ्या लावाव्यात! अण्णा रात्री जेवताना सांगायचा आणि मी डोक्यात हिशेब करायचे. लिहिण्यात मी कच्ची होते, पण तोंडी हिशेब मला यायचा. दुधाचं माप घालणाऱ्या मुलीला तो येतोच.

त्या हिवाळ्यात माणसं मिळेनाशी झाली. अण्णाकडे नव्या रस्त्याच्या आखणीचं काम होतं, डेराबस्सीच्या बाजूला. मजूर बिहारचे, ते एका रात्रीत गावी गेले. पहाडातला एक साखळीवाला होता, तो आईच्या आजारपणाला गेला आणि बरं झाल्यावरही आला नाही. त्याला कोण दोष देईल. राहिले अण्णा आणि करनैलसिंग. साखळीला दोन टोकं असतात. एक माणूस पुढचं टोक धरून चालतो, एक मागचं, आणि एक जण लाल-पांढरी काठी घेऊन त्याहून पुढं उभा राहतो, म्हणजे रेघ सरळ जाते. दोघांत हे होत नाही.

“मी धरते मागचं टोक,” मी म्हणाले.

अण्णा जेवत होता. तो थांबला आणि माझ्याकडं बघितलं, मी किती वजन उचलते ते आठवत असावा.

“तुम्ही तिच्याकडं बघू नका,” वहिनी म्हणाली. “अहो, पोरीची जात, आणि तिकडं रोज माणसं मरतायत. उद्या सासूबाईंना मी काय तोंड दाखवू?”

“नुसतं टोक धरून उभं राहायचं असतं, वहिनी.”

“टोक धरायचं तर पोळपाटाचं धर.”

“पोळपाटाला टोक नसतं.”

“बघा! बघा कशी बोलते!”

अण्णानं ताक पिऊन भांडं खाली ठेवलं. “सरकारी कागदावर तुझं नाव येणार नाही,” तो मला म्हणाला. “आणि सांगितलं तिथं उभं राहायचं, सांगितल्याशिवाय जागा सोडायची नाही. साखळीचं मागचं टोक हललं की सगळं मोजमाप गेलं.”

“नाही सोडणार.”

“शपथ घे.”

मी ताटाची शपथ घेतली. वहिनी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, पण डब्यात माझ्यासाठी दोन भाकऱ्या जास्त घालायची.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. लग्न, मुलं, घर, सगळं पुढं झालं, ते ठीकच होतं. पण सकाळी वहिनीचा जुना स्वेटर आणि शेजारणीची सलवार-कमीज घालून जीपच्या मागं बसायचं, थंडी नाकात शिरायची, आणि शेतात उतरल्यावर अण्णा साखळी अशी फेकायचा की ती खणखणत सरळ पसरायची, तो आवाज मला अजून ऐकू येतो. साखळी म्हणजे लोखंडी तारेच्या शंभर कड्या. दर मीटरला पितळेचं छोटं कडं, पाच मीटरला पितळी बिल्ला. मधल्या बिल्ल्याला वेगळा आकार. न बघता नुसता हात लावून आपण कुठं आहोत ते कळावं म्हणून. दोन्ही टोकांना पितळी मुठी. अण्णा पुढं जाऊन साखळी ताणायचा, जमिनीत लोखंडी सळई रोवायचा आणि पुढं चालू लागायचा. मी त्या सळईपर्यंत जायचे, तिथं माझी मूठ टेकवायचे, तो पुढची रोवेपर्यंत थांबायचे आणि मग सळई उपटून घ्यायचे. हातात जितक्या सळया तितक्या साखळ्या झाल्या. दहा झाल्या की त्या पुन्हा अण्णाला द्यायच्या.

आणि अण्णाची एक सवय होती. पुढचं टोक सोडून जायची वेळ आली, कोणी शेतकरी भांडायला आला किंवा आडोशाला जायचं झालं, तर तो सळई मुठीतून आरपार घालून जमिनीत दाबायचा. म्हणजे साखळी हलत नाही, रेघ मोडत नाही. त्याच्या पहिल्या साहेबानं शिकवलेलं. कितीही घाई असली तरी तो हे चुकवत नसे. एकदा विंचू दिसला तेव्हाही त्यानं आधी मूठ रोवली आणि मग उडी मारली. करनैलसिंग त्यावरून त्याची नक्कल करायचा.

ज्या दिवसाचं सांगते आहे त्या दिवशी वहिनीला एका कर्नलसाहेबांच्या घरी हळदीकुंकवाला जायचं होतं. लष्करातल्या मराठी बायका ते मोठं करायच्या आणि आम्हा कारकुनी घरांनाही बोलवायच्या. वहिनीनं सकाळपासून साडी उशीखाली ठेवून दाबली होती. “लवकर या,” ती अण्णाला म्हणाली, “पिंकीला तिथं न्यायचं नाही मला, ती सगळ्यांसमोर हिंदीत बोलते.”

गावाच्या अलीकडं नाका होता. वाळूची पोती, त्यामागं वर्दीवाले. त्यांच्या साहेबानं अण्णाचं ओळखपत्र बघितलं, मला बघितलं.

“ये कौन?”

“मेरी बहन. स्टाफ कम है.”

साहेबानं कपाळाला हात लावला. तरुणच होता. म्हणाला, “सुनिए. आगे गन्ने में लोग छिपे हैं, आज तलाशी होगी. इस गाँव की हद तक काम कीजिए. हद के पार एक कदम नहीं. पार जो हिलेगा, हम पूछेंगे नहीं. समझे?”

“समजलं,” अण्णा मराठीत म्हणाला आणि मग हिंदीत पुन्हा म्हणाला.

आता हद्द कुठं? तिथं पूर्वी दगडाची बुर्जी होती, ती ट्रॅक्टरनं कधीच उखडलेली. पण नकाशात होतं, विहिरीपासून हद्द दोनशे करम. अण्णानं विहिरीच्या काठावर उभं राहून तोंडानं हिशेब केला. साडेपाच फुटांची करम, दोनशे करम म्हणजे अकराशे फूट. अकराशे फूट म्हणजे आपल्या वीस मीटरी पावणेसतरा साखळ्या. “सोळा साखळ्या करायच्या आणि तिथंच गुंडाळायचं,” तो म्हणाला. “हद्दीच्या आत राहतो आपण. हळदीकुंकवालाही पोचतो.”

मीही हिशेब केला. तो बरोबर होता. करनैलसिंगनंही मान हलवली.

रेघ मोहरीतून जात होती. तिकडे तिला सरसों म्हणतात आणि ती आपल्यासारखी गुडघ्याएवढी नसते, डोक्यापर्यंत जाते. सगळं शेत पिवळं. आत शिरलं की चार हातांवरचं दिसत नाही. म्हणून करनैलसिंग लांब न जाता अण्णाच्या पुढं एका साखळीच्या आतच काठी धरून उभा राहायचा, काठीचं टोक फुलांच्या वर. त्यात ऊन, वास, माश्यांची गुणगुण. मी पंधरावी सळई गाठली. अण्णा सोळाव्या साखळीला पुढं गेला. साखळी ताणली गेली, मी दोनदा ओढून सांगितलं, ठीक आहे. त्यानं दोनदा ओढलं.

आणि गोळ्या सुरू झाल्या.

पहिली कोणी मारली ते मला माहीत नाही. उसातून आली की उसाकडं गेली, कळायला वेळ नव्हता. मी पडले, कोणी पाडल्यासारखी. आणि मग ते झालं जे सुरुवातीला सांगितलं. ओढलं, साखळी ताठ झाली, उत्तर नाही.

मी ताटाची शपथ घेतली होती, जागा सोडायची नाही. ती मोडायला मला फार विचार करावा लागला नाही. मूठ सोडली आणि साखळी धरून पुढं सरपटले. डोकं वर काढायचं नव्हतं, मोहरीत दिसत काही नव्हतं, पण साखळी सरळ अण्णाकडं जात होती. हाताखालून कड्या सरकत होत्या. पितळी कडं लागलं, एक मीटर. पुन्हा कडं. मग बिल्ला. पाच मीटर. स्वेटरची बाही काट्याला अडकली, ती तिथंच ठेवली. मधला वेगळा बिल्ला हाताला लागला तेव्हा मला इतका आनंद झाला की काय सांगू, अर्धं झालं! डोक्यावरून कापड फाटत होतं आणि मी मनात म्हणत होते, अर्धं झालं, अर्धं झालं. पंधराचा बिल्ला लागला. मग मात्र हात हळू झाला. पुढच्या पाच मीटरमध्ये काय आहे ते बघायचं नव्हतं आणि बघायचंच होतं.

मूठ लागली. मूठ मातीत होती. अण्णा नव्हता.

आणि मुठीतून सळई आरपार गेलेली होती, जमिनीत पक्की दाबलेली.

मी त्या सळईला हात लावून तिथं पडले आणि हसले. मोठ्यानं. गोळी लागलेला माणूस सळई रोवत नाही. म्हणजे अण्णा स्वतःच्या पायानं, नाहीतर पोटानं, पुढं गेला होता. आणि पुढं फक्त करनैलसिंग होता.

तेवढ्यात पाठीमागून मोहरी मोडत कोणीतरी आलं आणि माझ्या मानेवर काहीतरी गार टेकलं.

“हाथ! हाथ!”

मी हात पसरले. तो जवान दक्षिणेकडचा, केरळचा असावा, काळासावळा, मिशी कोवळी, त्याची हिंदी माझ्याहून वाईट होती. त्याच्यामागं आणखी दोघं. त्यानं मला उलटं केलं आणि बाई बघून दचकला.

“सर्वे पार्टी,” मी ओरडले. “मोजणी! नापने वाले!”

“उधर कौन? हिलता है, उधर!” त्यानं बंदुकीनं समोर दाखवलं. मोहरीचे शेंडे पुढं खरंच हलत होते. त्यानं बंदूक खांद्याला लावली.

“हमारा आदमी! मत मारो! दो आदमी हमारे!”

“कितना दूर?”

“एक साखळी!”

“क्या?”

“साखळी! जरीब! एक जरीब!”

तो माझ्याकडं बघत राहिला. बोट घोड्यावर. माझ्या डोक्यात सगळी मापं एकदम आली, आणे आले, करम आली, काय सांगू याला, केरळात काय बोलतात? मग मला त्या सळईचा स्पर्श झाला.

“बीस मीटर!” मी ओरडले. “इस लोहे से, सीधा, बीस मीटर तक हमारे आदमी! बीस मीटर के आगे हमारा कोई नहीं!”

“मीटर,” तो म्हणाला. त्याचा चेहराच बदलला. त्यानं बंदूक खाली घेतली आणि मागं वळून त्याच्या भाषेत काहीतरी ओरडला, त्यात मला फक्त ‘मीटर’ कळलं. मागच्यानं ते वायरलेसवर सांगितलं. मीटर, मीटर. मग ते तिघं पडूनच माझ्या दोन्ही अंगांनी उसाकडं मारू लागले, पण उंच, वीस मीटरच्या पलीकडं. माझे कान बधिर झाले. शेंडे हलत होते तिथं त्यांनी एकही मारली नाही.

“बुलाओ उसको,” मधे थांबून तो म्हणाला.

“अण्णाऽ!” मी सगळ्या जोरानं ओरडले. “आडवाच राहा! वीस मीटरच्या पुढं जाऊ नकोस!”

“क्या बोला? क्या बोला?” त्याला मराठीची शंका आली, नळी पुन्हा माझ्याकडं.

उत्तर यायला जो वेळ लागला तो मी मोजला नाही. मग मोहरीतून अण्णाचा आवाज आला, चिडलेला, ऑफिसातला.

“शेवंते! तू मागचं टोक सोडून आलीस?”

पुढं सगळं थांबायला दुपार झाली. मग आम्हाला उठू दिलं. अण्णा करनैलसिंगच्या पगडीनं त्याचा पाय बांधून त्याच्यावर पालथा पडून राहिलेला. गोळी पोटरीतून गेली होती. पगडी किती लांब असते ते मी तेव्हा बघितलं. अण्णा ती वीतभर-वीतभर धरून गुंडाळत गेला होता, आणि अजून उरली होती.

नाक्यावरचा तो तरुण साहेब धावत आला. रागानं लाल.

“हद बोला था आपको! हद!”

“साहेब, मेरे लोहे से हद अभी पंद्रह मीटर आगे है,” अण्णा म्हणाला. शर्टावर रक्त, हातात मातीची ढेकळं, पण मोजणी करणारा माणूस, हद्दीवर अडून बसला. “मैंने नापा है. दो सौ करम.”

गावचा नंबरदार, म्हणजे तिकडचा पाटील, खाट घेऊन आला होता, करनैलसिंगला उचलायला. म्हातारा, काठी टेकत. त्यानं विहिरीकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि काठीनं आमच्या पाठीमागचा एक बांध दाखवला. हद्द तिथं होती. आम्ही तिच्या पलीकडं आलो होतो.

“इस पिंड दी करम पुराणी है जी,” तो म्हणाला. “नाल वाले पिंड दी नवीं. साडी ओही पुराणी, पौणे पंज फुट दी.”

पिंड म्हणजे गाव, साडी म्हणजे आमची. शेजारच्या गावात जमिनींची नवी वाटणी झाली तेव्हा करमही नवी झाली होती, साडेपाच फुटांची. या गावात झाली नव्हती, पावणेपाचचीच राहिली. अण्णानं शेजारचं गाव मोजलं होतं, तेच माप इथं लावलं. दोनशे वेळा पाऊण फूट. दीडशे फूट. अण्णा तिथंच खाली बसला आणि बोटांवर हिशेब करू लागला, जणू दुसरं काही उत्तर येईल. 

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ. वहिनी हळदीकुंकवाहून आलेली, साडी अजून अंगावर, हातात वाणाची स्टीलची वाटी. तिनं अण्णाचा शर्ट बघितला, मग माझा एक बाही नसलेला स्वेटर.

“त्याचं रक्त नाही,” मी म्हणाले.

वहिनीनं वाटी भिंतीवर मारली. ती वाटी मी अजून वापरते, कड चेपलेली आहे. मग तिनं पाणी तापवलं, दोघांना आंघोळीला लावलं आणि पिठलं केलं. जेवताना अण्णानं तिला करमेचं सांगितलं. ती ऐकत होती.

“म्हणजे पाऊण फुटानं,” ती म्हणाली.

“दोनशे वेळा.”

“मी भाजीवाल्याला विचारते, किलोचा भाव की पावाचा. तेवढं तरी विचारायचं होतं, कोणाची करम.”

पिंकीनं ताट पुढं केलं. “आत्या, पिठलं दे,” म्हणाली. मराठीत. मी वाढलं.

पुढच्या वेळेला अण्णा मला घेऊन गेला नाही. मी भांडले, रडलेही, त्या गोळ्यांना नाही तेवढी त्याला रडले. वहिनीला मुलगा झाला, आणि उन्हाळ्यात मला गावी पाठवलं. माझा नातू आता फोनवर बोट ठेवतो आणि म्हणतो, आजी, इथून तुझं माहेर इतके किलोमीटर. मी त्याला विचारते, कोणाच्या मापानं? त्याला ते कळत नाही.

गावी निघायच्या आधी करनैलसिंग चहाला आला होता. पाय ओढत चालायचा. वहिनीनं त्याच्या चहात न मोजता साखर घातली. तो ओट्यावर उभा राहिला, मेथीकडं बघून दोन पावलं टाकली. या वेळेला पाय वाफ्याच्या अलीकडंच राहिले.

“देख बीबी,” मला म्हणाला, “अब मेरी करम भी पौने पाँच की हो गई.”

वहिनीलाही ते कळलं. ती हसली, मग पदर तोंडाला लावून आत गेली.

मोहरीत आम्ही तिघं होतो. अण्णा जगला, करनैलसिंग जगला, मी जगले. उसातलं कोणी जगलं नाही.